लिफ्ट, एक नंबर

दहा वर्षं आमदार होतात, केलंत काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, एक लिफ्ट. लोकांना वाटतं, म्हातारी विनय दाखवतेय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, माझ्या सुनेला विचारा. खरंच एक लिफ्ट. बाकी जे केलं ते दुसऱ्या कुणीही केलं असतं, आणि त्यातलं बरंचसं पुढच्यांनी उकरून पुन्हा केलं. लिफ्ट मात्र अजून चालते. गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला गेले तेव्हा तिच्यातूनच वर गेले. लिफ्टमनने मला ओळखलं नाही. "आजी, दाराला टेकून उभ्या राहू नका," असं दरडावलं. मला फार बरं वाटलं.

ही लिफ्ट एका टंकलेखकामुळे सुरू झाली. तीसुद्धा एका चुकीतून, आणि ती चूक त्यांची नव्हती. भाषणांत मी हे कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चूक कुणाची तेही सांगावं लागलं असतं. आता मला कुठे निवडणूक लढवायची आहे!

त्यांना सगळे अल्पविराम म्हणत. हे नाव माझ्या आधीच्या आमदाराने ठेवलं होतं आणि टेबल, कपाट, पंखा यांच्याबरोबर तेही माझ्याकडे आलं. दोन खोल्यांचं कार्यालय, आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत ते. पहिल्याच दिवशी दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चहा, आणू का, की, आधी टपाल?" एवढ्या वाक्यात चारदा थांबले. मी घाईची बाई. मला वाटलं, या माणसाबरोबर पाच वर्षं काढायची म्हणजे शिक्षा आहे.

बुटका, स्वच्छ माणूस. पंचेचाळिशीचे असतील. खुर्चीवर घरून आणलेली निळी उशी, टेबलावर लाकडी पट्टी आणि यंत्रावर पांढरं फडकं. त्या यंत्राचा 'ळ' कायमचा रुसलेला होता. ती कळ दाबली की आत जाऊन बसायची आणि बोटाने उचलून वर काढावी लागायची. म्हणून ते 'ळ'ची जागा मोकळी सोडत आणि कागद पूर्ण झाला की शाईच्या पेनाने एकेक 'ळ' हाताने भरत. शाळा, वेळ, नळ, काळजी. माझ्या मतदारसंघाच्या जेवढ्या म्हणून अडचणी होत्या त्यांच्यात 'ळ' होताच, आणि तो त्यांच्या हातचा होता.

आणखी एक खोड. टाइप झालेला कागद ते शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचत. पट्टी खालून वर सरकवत, ओठ हलवत. मी एकदा वैतागून म्हणाले, "अहो, सरळ वाचायला काय होतं तुम्हाला?"

"सरळ वाचलं, की, अर्थ कळायला लागतो, बाई," ते म्हणाले. "अर्थ कळायला लागला, की चुका, दिसत नाहीत."

मी एम.ए. झालेली बाई. चौदा वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण कबूल करण्याइतकी मी तेव्हा शहाणी नव्हते. "बरं बरं," म्हणाले आणि आत गेले.

शंका आली की ते विचारत. कितीही छोटी असो, उठून दाराशी येत आणि विचारत. मी फोनवर असले तरी, माणसं बसलेली असली तरी. "विचारलेलं, बरं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं उत्तरही ठरलेलं होतं, "हो हो, करा." कशाला हो म्हणतेय ते न बघता मी दिवसातून वीसदा हो म्हणत असेन. हे इथे लक्षात ठेवा.

निवडून आल्यानंतरचं माझं पहिलं अधिवेशन जवळ आलं. नवा आमदार पहिल्या अधिवेशनाला काय काय घेऊन येतो ते विचारू नका. माझ्याजवळ वहीभर प्राधान्यं होती. पण सभागृहाचा नियम असा, की एका सदस्याने नऊच प्रश्न द्यायचे, आणि स्वतः पसंतीचा क्रम लावून द्यायचे. मग चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव वर निघेल त्याचा पहिला प्रश्न सभागृहात पुकारला जातो, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उलट प्रश्नही विचारता येतात. बाकीच्या आठ प्रश्नांना छापील उत्तर मिळतं, "सदर बाब विचाराधीन आहे." म्हणजे कचराच. तेव्हा खरा प्रश्न एकच, पहिल्या नंबरचा.

माझा पहिला नंबर ठरलेला होता. पूल. माझा मतदारसंघ शहराला लागूनच, मध्ये फक्त नदी, आणि नदीवर एकच अरुंद जुना पूल. प्रत्येक सभेत मी सांगितलं होतं, निवडून आले की पहिल्या अधिवेशनात पहिला प्रश्न नव्या पुलाचा. माझ्या दिरांनी ते पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. माझं राजकारण दीरच बघत. मी बोलायची, ते मोजायचे.

आठ प्रश्न झाले. नववा सुचेना. रिकामी जागा सोडायची म्हणजे नियमाने मिळालेलं वाया घालवायचं, ते मला सहन होईना. टपालाच्या ढिगातून एक अर्ज ओढला. सरकारी रुग्णालयातल्या आयांचा होता. बाळंतिणींचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चार वर्षं बंद, आम्ही बायकांना खुर्चीत घालून उचलून नेतो, काहीतरी करा. खाली पाच सह्या.

"हा घाला नववा," मी म्हणाले.

अल्पविरामांनी अर्ज बघितला. बघतच राहिले. "बाई, याच्याऐवजी, दुसरा एखादा, घेतला तर?"

"का? लिफ्टने तुमचं काय घोडं मारलंय?"

"नाही, तसं, काही नाही."

"मग लिहून घ्या आणि मला मोकळं करा."

यादी द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या चष्म्यावर बसले होते. अलंकारिक नाही, खरोखरच बसले होते. त्यामुळे त्या मंगळवारी मी सगळं अंदाजाने करत होते. नऊ प्रश्नांच्या नऊ चिठ्ठ्या समोर घेतल्या, डोळे बारीक केले आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात एकेक आकडा खरडला. चार वाजता यादी सचिवालयात पोचायला हवी होती. तीन वाजता समोरच्या दुकानातला चष्मेवाला नवी चौकट घेऊन वरच आला. हसतमुख, बडबडा माणूस. त्याने चष्मा माझ्या कानांवर बसवला, नाकाशी दोनदा वाकवला आणि आरसा धरला. एक दिवस धुक्यात काढल्यावर भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा स्पष्ट दिसला. मी आरशात बघून इतकी खूश झाले की काय सांगू. अल्पविराम दाराशी येऊन गेले असावेत. त्यांच्याकडे बघायला सवड कुणाला होती! यादी गेली, मी घरी गेले.

गुरुवारी चिठ्ठ्या निघाल्या आणि माझं नाव पहिलं आलं. वर्षानुवर्षं बसलेल्यांना न मिळालेलं नव्या बाईला पहिल्या फटक्यात मिळालं. दिरांनी नदीपलीकडे फोनांचा धडाका लावला, "बुधवारी सकाळी अकरा वाजता, पुलाचा प्रश्न, वहिनी उभ्या राहणार."

शुक्रवारी छापील यादी आली. पहिला प्रश्न, सरकारी रुग्णालयातील बंद लिफ्टबाबत. नवव्या नंबरवर पूल.

मी यादी सरळ वाचली, मग त्यांच्यासारखी उलटी वाचली. काही बदललं नाही.

दीर तासाभरात पोचले. "वहिनी, हा घात आहे. एकदोन नंबर इकडेतिकडे झाले असते तर चूक म्हटलं असतं. हे बरोब्बर पहिला आणि नववा, एकमेकांच्या जागी! चूक इतकी नीटनेटकी नसते." मग त्यांनी मूळ अर्ज मागवला, पाच सह्यांवरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या सहीवर थांबले. "हे आडनाव तुमच्या टायपिस्टचं नाही का?"

मी अल्पविरामांना आत बोलावलं. "ही सही कुणाची?"

"माझ्या, मंडळींची."

"तुमची बायको त्या रुग्णालयात आया आहे?"

"हो."

"मग हे मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही, विचारलं नाही, बाई."

"ऐका!" दीर म्हणाले. "विचारलं नाही म्हणे. एरवी दिवसभर हाच माणूस विचारत असतो!"

अल्पविराम बाहेर गेले आणि दोन चिठ्ठ्या घेऊन आले. त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या. ते काहीही टाकत नसत. एक पुलाची, एक लिफ्टची. माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "दोन्हीवर, सारखंच दिसत होतं. म्हणून मी, विचारायला आलो. लिफ्ट, एक नंबर का, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, एक नंबर."

आता खरं सांगायचं तर त्या दोन आकड्यांत फरक करायला माझा मलाच वेळ लागला असता. एक आणि नऊ हे आपल्याकडे सख्खे भाऊ. पोटाची रेघ जरा इकडची तिकडे झाली की नाव बदललं. पण समोर दीर उभे होते, पूल गेला होता, आणि मी चौदा वर्षं फळ्यावर लिहिलेली बाई. म्हणाले, "माझं अक्षर मला शिकवू नका. आणि मी असं काही म्हणालेले नाही. लिफ्टला मी पहिला नंबर देईनच कशाला?"

त्यांनी चिठ्ठ्या उचलून एकावर एक ठेवल्या.

दिरांनी उपाय काढला. याला मूळ खात्यात परत पाठवायचं, सोबत पत्र द्यायचं. पत्र म्हणजे शेरा. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात एकदा 'विश्वास ठेवण्यास योग्य नाही' असं चिकटलं की मग निवृत्तीपर्यंत ते निघत नाही. बढती नाही, चांगली जागा नाही, कुठल्या तरी तळघरात जुन्या फायलींशेजारी बसायचं. पंधरा वर्षांच्या कोऱ्या, स्वच्छ नोकरीवर हा डाग. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी पत्र सांगितलं. आणि कार्यालयात टंकलेखक एकच होता, तेव्हा ते टाइप कुणी केलं ते वेगळं सांगायला नको.

अर्ध्या तासाने ते दाराशी आले. "बाई, 'यांच्यावर विश्वास ठेवणे', असं ठेवू, की, 'यांच्यावर विसंबणे'? विसंबणे, जास्त बरोबर आहे."

"काय वाटेल ते करा!"

कागद आला. एक चूक नव्हती. 'मूळ खात्यात' मधला 'ळ' नेहमीसारखा शाईने, हाताने भरलेला. तो 'ळ' बघून माझं पेन सहीवर टेकेना. दिरांना म्हटलं, "बुधवार होऊ दे, मग करते सही." पत्र खणात ठेवलं. ते दया होती म्हणून ठेवलं असं नाही. बुधवारपर्यंत कामाला कोण होतं माझ्याकडे?

आता बुधवारी सभागृहात लिफ्टवर बोलणं भाग होतं, आणि लिफ्टबद्दल मला ओ का ठो ठाऊक नव्हतं. म्हणून सोमवारी दुपारी रुग्णालयात गेले. न कळवता.

लिफ्टच्या जाळीच्या दाराला साखळी होती आणि आत दोन मोडकी कपाटं रचून ठेवली होती. जिन्याशी चार बायका होत्या. तीन आया, आणि खुर्चीत एक दिवस भरलेली पोरगी, घामाने निथळणारी. लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंना दोन दांडे घट्ट बांधलेले. आयांपैकी एक आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची. माझ्याकडे बघून तिने जे सुरू केलं ते लिहिताना मला विरामचिन्हं घालता येत नाहीत, कारण तिने ती घातली नव्हती.

"आमदारबाई ना तुम्ही फोटो बघितलाय आलात बरं झालं पण बघायला काय ठेवलंय इथे आमची चौथी आज आली नाही तिच्या कमरेत उसण भरलीय या जिन्याने तुम्ही ती मागची डावी बाजू धरा पदर खोचा आधी आणि मी उचला म्हटलं की उचला मधे थांबायचं नाही"

मी धरली. काय करणार! पहिल्या वळणावर मला वाटलं खांदा निखळला. दुसऱ्या वळणावर ती पोरगी मला म्हणाली, "आजी, तुम्ही राहू द्या, मी चालते." मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते. त्या 'आजी'ने मला वरपर्यंत नेलं. बासष्ट पायऱ्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पोरीला आत पोचवून ती आया बाहेर आली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली, आणि मी ओळखलं की ही तिसरी सही. नवरा अल्पविराम आणि बायकोच्या बोलण्यात पूर्णविरामसुद्धा नाही! असे संसार देव कुठल्या यादीतून जुळवतो कोण जाणे.

"तुम्ही यांना काढताय," ती म्हणाली. आता मात्र ती थांबून थांबून बोलत होती. "पत्र तयार आहे, मला माहीत आहे. त्यांनीच सांगितलं, चांगलं जमलंय म्हणाले. पंधरा वर्षं त्या खोलीत बसतात. आमच्या घरी तुमच्या कार्यालयातली टाचणी आलेली नाही. हा अर्ज मी पोस्टाने टाकला, तिकीट लावून, त्यांना न सांगता. सांगितलं असतं तर टाकू दिला नसता. आणि तुम्ही तो निवडलात तर तुम्हालाच म्हणाले म्हणे, याच्याऐवजी दुसरा घ्या. बायकोची सही आहे ना! दोन दिवस भांडले मी त्यांच्याशी. एक काम आपोआप होत होतं, तेही मोडायला निघाले."

मला आठवलं. लिफ्टने तुमचं काय घोडं मारलंय, हे माझंच वाक्य होतं.

"मग तो पहिला कसा झाला?" मी विचारलं.

"ते म्हणतात, तुम्ही म्हणालात."

"मी नाही म्हणाले."

"मग तुमच्यापैकी कुणीतरी एक खोटं बोलतंय," ती म्हणाली, "आणि त्यांना ते येत नाही. मी वीस वर्षं शिकवून बघितलं. पाहुण्यांना घरी नाही म्हणून सांगा म्हटलं तर दार उघडून, ती, आत आहे, म्हणतात."

बासष्ट पायऱ्या मी कठड्याला धरून उतरले. 

बुधवारी सकाळी नऊ वाजता घरातून निघताना चष्म्याची डावी काडी हातात आली. बारीक स्क्रू कुठेतरी पडला होता. दोन तासांनी सभागृहात उभं राहायचं आणि समोरचं काही दिसत नाही! तडक चष्मेवाल्याकडे गेले. तो नुकतं दुकान उघडत होता.

"काय हे!" मी सुरुवात केली. "आठ दिवस झाले नाहीत आणि काडी हातात?"

"ताई, स्क्रू आहे, निघतो कधीतरी," तो हसत म्हणाला. "पण असं बोलू नका हां. त्या दिवशी एवढं एक नंबर म्हणालात आणि आज तक्रार!"

"काय म्हणाले मी?"

"एक नंबर! मी विचारलं, ताई, कसं वाटतंय? तुम्ही आरशात बघून म्हणालात, एक नंबर! किती खुशीत होतात. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं, आमदारबाईंच्या तोंडून असा शब्द येतो म्हणजे चौकट काय असेल! तुमचे ते टायपिस्ट पण होते की दाराशी. काहीतरी विचारत होते, लिफ्टचं का कशाचं. तुमचं ऐकून 'बरं' म्हणाले आणि गेले बिचारे."

त्याने स्क्रू पिळला, काच पुसली आणि चष्मा माझ्या नाकावर ठेवला. मला सगळं स्पष्ट दिसलं. इतकं स्पष्ट की नको वाटलं. माझ्या नातवाचा शब्द होता तो, घरात ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलेला. माणूस दाराशी प्रामाणिकपणे विचारतोय, लिफ्ट एक नंबर का, आणि बाई आरशात स्वतःचं तोंड बघून म्हणतेय, एक नंबर!

सभागृहात गेले तेव्हा फाइल बाकावर येऊन पडली होती. त्यांनी पाठवलेली. आत मंत्र्यांच्या छापील उत्तराची प्रत होती, 'सदर लिफ्ट सुरू असून किरकोळ दुरुस्ती वगळता वापरात आहे.' त्याच्याखाली एक लहान चिठ्ठी पिनने लावली होती, टाइप केलेली. 'बंद झाल्याची तारीख. दुरुस्तीसाठी वेळोवेळी पाठवलेल्या पत्रांच्या तीन तारखा. कपाटे आत ठेवल्याची तारीख.' 'वेळोवेळी' या शब्दातले दोन्ही 'ळ' शाईचे. ज्या माणसाला आपण घालवतोय त्याने हे जमवून दिलं होतं. काम म्हणून.

माझा प्रश्न पुकारला तेव्हा समोरून हशा आला. "पूल कुठे गेला, बाई?" "पूल लिफ्टने वर गेला!" आमच्याच बाजूचेही हसत होते. मंत्री उठले, छापील उत्तर वाचलं, बसले.

मी म्हणाले, "अध्यक्षमहाराज, लिफ्ट वापरात आहे हे खरं आहे. तिच्यात दोन कपाटं राहतात." पुन्हा हशा. मग मी तारखा वाचल्या, एकेक. हशा कमी झाला. "परवा मी तिथे खुर्चीची मागची डावी बाजू धरून एका बाळंतिणीला वर नेलं. बासष्ट पायऱ्या. मंत्रिमहोदयांनी उद्या यावं. खुर्चीत मी बसते, एक बाजू त्यांनी धरावी, दुसरी ज्याने हे उत्तर लिहिलं त्याने. माझं वजन मी त्यांना आगाऊ कळवते."

आता सभागृह हसलं ते मंत्र्यांना हसलं. अध्यक्षही हसले आणि मग म्हणाले, "मंत्र्यांनी तारीख द्यावी." मंत्र्यांनी एक महिना सांगितला. दोन लागले. पण झालं. बरोबर नऊ आठवड्यांनी ती साखळी निघाली.

आणि पूल? तो तीन वर्षांनी झालाच. एका मोठ्या मंत्र्याचं सासर पलीकडे होतं, त्याने केला. पाटीवर माझं नाव नाही. त्या दिवशी मी पुलावर बोलले असते तरी तो तेव्हाच झाला असता, तोही त्या सासरमुळेच.

सभागृहातून मी थेट कार्यालयात गेले. अल्पविराम निळी उशी कागदात गुंडाळत होते. पट्टी आणि कप पिशवीत गेले होते. दीर माझ्या मागोमाग आत आले, सभागृहातल्या हशाने जरा गोंधळलेले. "वहिनी, बोललात झकास. आता ते पत्र?"

मी खण उघडला, पत्र काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. "भावजी, तुम्ही जरा चहा घेऊन या," मी म्हणाले. दीर बघत राहिले, मग गेले. मोजणारा माणूस, कुठे थांबायचं ते कळतं त्यांना.

मला माफी मागायची सवय नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "मी म्हणाले होते एक नंबर."

त्यांनी उशी खाली ठेवली.

"तुम्हाला नाही. चष्म्याला. तुम्ही दाराशी विचारलंत आणि मी चष्म्याला म्हणाले. आकडाही माझाच वाईट होता. तुम्ही विचारलंत तेच बरोबर केलंत. चूक माझी. शुक्रवारी दिरांसमोर बोलले ते मी आता त्यांच्यासमोर परत घेते, ते आले की."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हा अल्पविराम नव्हता, याहून मोठं चिन्ह होतं काहीतरी. मग त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "चष्मा, बाई, चांगलाच आहे."

मी हसले. आणि मग रडलेही, थोडंसं. माझ्या सुनेला हे सांगू नका.

त्यांनी उशी पुन्हा खुर्चीवर ठेवली. पट्टी काढली. यंत्रावर फडकं घालून झालं होतं, ते घडी करून बाजूला ठेवलं. पुढची साडेनऊ वर्षं ते तिथे बसले. मी त्यांना फोनवर असताना उत्तर द्यायचं सोडून दिलं. रिसीव्हर बाजूला ठेवायचा, त्यांच्याकडे बघायचं आणि मग बोलायचं, एवढं मी त्या वयात शिकले ते त्यांच्यामुळे. माझ्या हातून त्या वर्षांत आणखी चुका झाल्या नाहीत असं नाही, पण ज्या टळल्या त्या त्यांच्या दारात टळल्या. आयुष्यात मला शिकवणारे पुष्कळ भेटले. दाराशी थांबून विचारणारा एकच.

त्याच दिवशी मी म्हटलं, आता उलट पत्र काढू. त्यांच्या पुस्तकात शेरा जायचाच तर चांगला जाऊ दे. मी सांगायला लागले आणि ते टाइप करायला लागले. कर्मचारी दक्ष आहे, प्रामाणिक आहे, शंका आल्यास विचारतो. शेवटची ओळ मी सांगितली, "एकूण मूल्यमापन, एक नंबर."

यंत्र थांबलं. "तसं, बाई, सरकारी कागदात, लिहीत नाहीत. 'उत्कृष्ट', लिहितात."

"मला उत्कृष्ट नको. मला तेच हवंय."

"मशीनवर, ते, बरं दिसणार नाही."

"मग मी हाताने लिहिते. द्या इकडे." मी कागद ओढला, पेन उघडलं आणि शेवटच्या ओळीवर वाकले.

ते उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते. पेन टेकायच्या आत हळूच म्हणाले, "बाई, आकड्यात नको. अक्षरी, लिहा."